सुपारी कोणाची, संस्कृती कोणाची

लग्नाची बैठक बसली, देणंघेणं जमलं (हुंडा नव्हे हो, हुंड्याला कायद्यानं बंदी आहे, हे नुसतं देणंघेणं), मानाचे फेटे किती ते ठरलं, बुंदी की गुलाबजाम यावरची खडाजंगी मिटली, की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शेवटचा प्रश्न निघतो. वाजवायला काय? पूर्वी हा प्रश्न थोरले काका सोडवत. आता काकांना कुणी विचारत नाही. नवरदेवाचे मित्र दारातूनच निकाल देऊन टाकतात, "संदल पाह्यजे, बाकी काही सांगू नका." घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडं जा की घाटावर चिखली-मेहकरकडं या, पोरांचं ठरलेलं आहे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडा खुलासा. संदल म्हणजे मुळात चंदनाचा लेप. उरुसाच्या दिवशी तो मिरवत दर्ग्यावर नेतात आणि मजारीला लावतात. मिरवणूक म्हटली की ढोल-ताशे आलेच. विदर्भात पुढं झालं असं की लेपाचं नाव मिरवणुकीला लागलं, मिरवणुकीचं वाजवण्याला लागलं आणि वाजवणारे निघाले आपल्या वाटेनं. दर्ग्यावरून गणपतीत, गणपतीतून वरातीत, वरातीतून ग्रामपंचायतीच्या गुलालात. चंदन मागं राहिलं ते राहिलंच. आज वरातीत संदलावर नाचणाऱ्या पोराला विचारा, बाबा, हे नाव कशावरून पडलं? तो म्हणेल, ग्रुपचं नाव असंल.

मग प्रत्येक वरातीत एक गुरुजी असतात. निवृत्त, इस्त्रीचा पांढरा सदरा, कानात कापूस. ते मंडपाच्या खांबाला टेकून संस्कृतीची काळजी वाहतात.

"काय हा धिंगाणा! आपलं वाजंत्री कुठी गेलं?"

"कोन्तं आपलं, गुरुजी?"

"सनई! अस्सल आपली."

गुरुजींचा मान राखून, आता जरा झाडाझडती घेऊ. सनई इराणच्या सुर्ना घराण्यातली, नावातसुद्धा फारसी हवा आहे. गुरुजींच्या लग्नात वाजलेल्या बँडमधली क्लॅरिनेट साधारण १७०० च्या सुमारास जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या डेन्नर नावाच्या कारागिरानं घडवली. आमच्याकडं ती आली छावणीतल्या गोऱ्या पलटणींच्या मागोमाग. काकड आरतीला गुरुजी ज्या पेटीवर बोटं फिरवतात, त्या हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये दबँ नावाच्या गृहस्थानं घेतलं. मांडी घालून एका हातानं भाता मारायची सोय पुढं कलकत्त्यात झाली, कारण पॅरिसच्या पेटीला पायानं हवा द्यावी लागे आणि आपल्या बुवांना खुर्चीवर बसून अभंग सुचत नसे. याच पेटीला आकाशवाणीनं १९४० ते १९७१ अशी तीन दशकं दाराबाहेर उभं केलं होतं. का? तर ती परकी! शुद्धतेच्या त्या पहाऱ्यात रेडिओवर पेटी मुकी होती आणि शेगावापासून मेहकरापर्यंत एकही भजनी मंडळ पेटीवाचून बसत नव्हतं. भजनी मंडळांनी दिल्लीचं परिपत्रक वाचलं नव्हतं म्हणून वऱ्हाडाची भजनं वाचली.

आणि बेंजो! गणपतीत, हळदीत, जयंतीत जो वाजतो, ज्याच्या बटणांवर पोरं टाइपरायटरसारखी बोटं आपटतात, तो अमेरिकेतला बँजो नव्हेच. तो जपानी आहे. नागोया शहरातल्या मोरिता गोरो नावाच्या माणसानं १९१२ च्या सुमारास ताइशोगोतो नावाचं वाद्य काढलं. तारांवर बटणं, फार शिकावं लागू नये अशी योजना. जहाजातून ते इकडं आलं, शिष्ट लोकांनी त्याला बुलबुलतरंग म्हटलं, कव्वालांनी मांडीवर घेतलं, आमच्याकडं त्याचा बेंजो झाला आणि त्याच्या मागं उभी राहिली ती बेंजो पार्टी. त्यात पुढं ऑक्टापॅड आला, तोही जपानचाच. म्हणजे गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत निम्मा जपान वाजतो आणि आपण रस्त्याच्या कडेला उभं राहून म्हणतो, आपली परंपरा जपली पाहिजे.

अगदी शुद्धच काही हवं असेल तर गुरुजी, जळगाव जामोदला जा. तिथं सातपुड्याच्या पायथ्याला निहाल लोक राहतात. त्यांच्या निहाली भाषेचं नातं जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी अजून जुळवता आलेलं नाही. इतकी एकटी भाषा. तिच्यापुढं तरी हात जोडावेत, तर ती आपले निम्म्याहून जास्त शब्द कोरकू, मराठी, हिंदीतून उसने घेऊन बसली आहे! ज्या भाषेला नातेवाईक नाहीत, तिलाही शेजाऱ्यांवाचून भागलं नाही.

तर झाडाझडतीत उरली कोण? हलगी. तीही तपासायला गेलं तर अरबी डफाची चुलत बहीण निघेल, पण ते सोडा, गुरुजींसाठी एवढी सूट. हलगी घ्या आपली. पण ती वाजवणारा कुठं आहे? तो मंडपाच्या बाहेर उभा आहे. पिढ्यानपिढ्या तिथंच आहे. लग्न लागताना अक्षता त्याच्या डोक्यावर पडत नाहीत आणि पंगतीत त्याचं पान शेवटी. गुरुजींची शुद्ध संस्कृती ज्याच्या हातात होती, त्याला गुरुजींच्या आजोबांनी ओसरीवर येऊ दिलं नव्हतं.

हा झाला एक पक्ष. दुसऱ्या पक्षाचा मला जास्त राग येतो, कारण ते गोड बोलतात.

ही मंडळी पांढरी टोपी किंवा खादीचा झब्बा घालून सद्भावना मेळाव्यात येतात. यांचं लाडकं ठिकाण सैलानी. बुलढाण्याजवळ पिंपळगाव सराईच्या पुढं सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथं जत्रा भरते. एसटीच्या जादा गाड्या सुटतात, राज्याबाहेरून माणसं येतात, नारळांची होळी पेटते. पिंपळगाव सराईहून निघालेला संदल उंटणीच्या पाठीवरून दर्ग्यावर येतो. हिंदू येतात, मुसलमान येतात, बौद्ध येतात. अंगात आलेले, डोकं फिरलेले, दवाखान्याचे पैसे संपलेले असे सगळे येतात. मेळाव्यातला वक्ता हे सगळं बघून गहिवरतो आणि म्हणतो, हा बंधुभावाचा संगम आहे, इथल्या सुरांत दोन धर्म एकमेकांना मिठी मारतात.

सुरांना मिठी मारता येत नाही, वक्तेमहाशय. सुरांना सुपारी लागते.

ढोल-ताशेवाला दर्ग्यावरून वरातीत गेला तो बंधुभाव दाटून आला म्हणून गेला नाही. उरूस वर्षातून एकदा येतो, पोट रोज येतं. उरुसाची सुपारी संपली, पुढं लग्नसराई होती, तिकडं गेला. लग्नसराई आटोपली, पोळा झाला, गणपती आले. गणपती बुडाले की दुर्गादेवी. मधल्या दिवसांत १४ एप्रिल, शिवजयंती, आमदाराचा वाढदिवस. ज्याची सुपारी त्याच्या दारी. आणि एका दारी शिकलेली चाल दुसऱ्या दारी आपोआप हातात येते. दर्ग्यावरच्या ठेक्यावर सिनेमातलं गाणं बसतं, त्याच गाण्यावर देवीची आरती बसते, आरतीचा ठेका पुढच्या उरुसात परत जातो. यात कुणी कुणाची परवानगी घेतलेली नाही. विद्वान लोक याला क्रिओल संस्कृती म्हणतात आणि त्यावर परिषदा घेतात. वाजवणारा याला सीझन म्हणतो.

बरं, प्रेमातूनच सरमिसळ होते हेही खोटं. भांडणातूनसुद्धा होते आणि कधीकधी जास्त झकास होते. पुण्याचा दाखला घ्या. १८९३ पर्यंत मोहरमचे ताबूत हा सगळ्या गावाचा सण होता. हिंदू ताबूत बसवत, त्यांच्या टोळ्या गात-नाचत मिरवणुकीत सामील होत. १८९३ साली दंगे झाले. पुढच्या वर्षी ठरलं की आता ताबुतांकडं जायचं नाही, आपला सण आपण रस्त्यावर आणायचा. सार्वजनिक गणपतीची मिरवणूक दणक्यात निघाली. तिच्यात काय होतं? गात-नाचत जाणारे मेळे, एकसारख्या पोशाखातली पोरं, खांद्यावरून नेलेला देव आणि शेवटी पाण्यात विसर्जन. घरचा गणपती पूर्वीही बुडवत, पण रस्त्यावरचा हा सगळा थाट कुठून उचलला ते त्या काळच्या पुणेकरांना सांगावं लागलं नसेल. बहिष्कार टाकायचा आणि जाताना चाल उचलून न्यायची! ज्या मिरवणुकीत आज 'आपली परंपरा' म्हणून ताशा कडकडतो, तिचा सांगाडाच रुसून शेजाऱ्याकडून आणलेला आहे. सद्भावना मेळाव्यात हे सांगून बघा, गहिवर जागच्या जागी आटतो.

आता थोडं लांब जाऊ. बुलढाण्याहून त्रिनिदादला थेट गाडी नाही, पण ताशा गेला आहे.

१८४५ ते १९१७ या काळात १,४०,००० हून जास्त हिंदुस्थानी माणसं करारावर त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांत गेली. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची. त्यांच्याबरोबर मोहरम गेला आणि मोहरमबरोबर ताशा. तिथं मोहरमचं नाव झालं होसे, ताशाचं झालं टासा. मळ्यावरचा हिंदू त्या मिरवणुकीत वाजवायचा, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची नातवंडंही वाजवायची. इतकी माणसं एका ठेक्यावर चालू लागली की सरकारच्या पोटात गोळा येतो. १८८४ साली मिरवणुकीला शहरात यायची बंदी झाली, लोक आले, गोळीबार झाला, माणसं मेली. टासा मात्र राहिला. एक ठेका धरणारा, एक त्यावर तोडे घेणारा, खाली ढोल, बाजूला झांज, असा चौघांचा संच झाला. त्यात कॅलिप्सोचे ठेके शिरले. आज त्रिनिदादमधल्या हिंदूंचं लग्न टासाशिवाय लागत नाही.

म्हणजे बघा, इमाम हुसेनच्या मातमीतला ताशा सात समुद्रांपलीकडं हिंदू वरातीत आणि इथं सैलानीच्या वाटेवरचा संदल चिखलीच्या वरातीत. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. दोन्हीकडं कुठल्याही सांस्कृतिक खात्यानं योजना आखली नव्हती. वाजवणाऱ्याला काम हवं होतं आणि वरातीला आवाज हवा होता, बस.

त्याच बेटावर सरकारनं आफ्रिकी लोकांच्या चामड्याच्या ढोलांवर बंदी आणली. लोकांनी बांबू आपटायला सुरुवात केली. मग बिस्किटांचे डबे, मग तेलाचे रिकामे पिंप. पिंपाचा तळ ठोकून ठोकून त्यातून सूर काढले आणि १९३०-४० च्या सुमारास स्टीलपॅन नावाचं वाद्य जन्माला आलं. ते आता त्या देशाचं राष्ट्रीय वाद्य आहे. टासावाले म्हणतात, आम्हालाही तो मान द्या. वाद चालू आहे. बंदीतून जन्मलेलं वाद्य एकदा सरकारी झालं की लगेच त्याच्या दारातही कुणालातरी बाहेर उभं राहावं लागतं.

मॉरिशसलाही आपली माणसं गेली, तीही मराठी, कोकणातली. जाखडी घेऊन गेली, तिथं तिला झाकरी म्हणतात आणि आजही गणपतीत नाचतात. या जाखडीचं मूळ शोधायला गेलं तर कलगी-तुरा लागतो. आणि कलगी-तुऱ्याची कथा अशी की चंदेरीच्या राजापुढं तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांचा सवाल-जवाब रंगला. राजानं खुश होऊन एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. कथा खरी की खोटी ते राहू द्या, पण आपल्या शाहिरांनी पिढ्यानपिढ्या एका गोसाव्याला आणि एका फकिराला आपलं मूळपुरुष मानलं, एवढं मात्र खरं. भांडणारे दोन, गाणं एक. मॉरिशसमध्ये याच जाखडीच्या शेजारी सेगा वाजतो. आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांचं गाणं. २०१४ साली युनेस्कोनं त्याला वारसा म्हणून मान दिला. गुलाम असताना त्याला वात्रटपणा म्हणत असत.

त्या सेगाच्या वाद्याचं नाव रावान. लाकडी कडं आणि त्यावर बकऱ्याचं कातडं. वाजवायच्या आधी तो विस्तवाजवळ धरतात, कातडं तापून ताठ होतं, मग आवाज उघडतो. टासाचंही तसंच. हे वाचल्यावर मला चिखलीच्या बाजारात वरातीची वाट बघत बसलेला हलगीवाला आठवला. त्यानं किराणा दुकानाच्या मागून पुठ्ठे गोळा केले, वर थोडं तुराट्याचं झिलपट टाकलं, काडी लावली. हलगी जाळावर धरून चाकासारखी गोल फिरवली, कडेला जास्त, मध्ये कमी. मधूनच अंगठ्यानं एक टिचकी, कान जवळ. ढॅप. अजून ओली. पुन्हा फिरवली. टिचकी. टण्ण. "झाली," म्हणाला आणि पायानं जाळ विझवला. बाजूला त्याचा पोरगा फायबरच्या पानाची हलगी घेऊन उभा होता. तिला शेकावं लागत नाही, पावसात भिजत नाही. "आवाज कसा आहे?" मी विचारलं. बाप म्हणाला, "पत्र्यावानी." पोरगा म्हणाला, "पण बाबा, सुपाऱ्या तिच्यावरच येतात नं."

हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आमच्या जिल्ह्यातली एक जरा इस्त्री केलेली सरमिसळ सांगतो. मेहकरला ना. घ. देशपांडे नावाचे वकील राहत. वकिली करता करता कविता लिहीत. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्हीनं तिची तबकडी काढली. मराठी भावगीताची सुरुवात म्हणून तिचं नाव घेतात. त्या तबकडीत काय काय होतं बघा. वऱ्हाडी रानातली कविता, हिंदुस्तानी गायकी, परदेशी यंत्र आणि वेळ सुमारे तीन मिनिटं, कारण तबकडीच्या एका बाजूवर त्याहून जास्त मावत नसे. भावगीत इतकं आटोपशीर का, तर यंत्र आटोपशीर होतं. त्या कंपनीला मराठी भावनांशी देणंघेणं नव्हतं, तिला तबकड्या खपवायच्या होत्या. म्हणजे इथंही सुपारीच! पण याला आपण काय म्हणतो? नवा प्रयोग, मन्वंतर, हळुवार पहाट. ना. घं.ना १९८६ साली साहित्य अकादमी मिळाली, ती मिळायलाच हवी होती, माणूस मोठा होता. त्यांच्याआधी अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, कानडी रंगभूमीवरचं गाणं आणि पारशी नाटकांचा थाट एका 'शाकुंतला'त घातला. त्याला आपण नाट्यसंगीताची गंगोत्री म्हणतो.

वकिलानं मिसळलं की प्रयोग, बँडवाल्यानं मिसळलं की भेसळ. अन्न व औषध प्रशासनातसुद्धा इतका दुजाभाव नसतो.

आणि ज्या मिसळीला ना प्रयोग म्हटलं ना भेसळ, नुसतं ऐकूच घेतलं नाही, ती भीमकव्वाली. १४ एप्रिलच्या रात्री आमच्याकडच्या कुठल्याही मोठ्या गावात जा. पंचशीलाच्या पताका, स्टेजवर ढोलकी, पेटी, बेंजो आणि समोरासमोर दोन पार्ट्या. एकीकडं गायक, दुसरीकडं गायिका, मध्ये सवाल-जवाब. टाळ्या कव्वालीच्या, झगडा कलगी-तुऱ्याचा, चाल सिनेमाची आणि शब्द घटनेचे. सुफी दर्ग्यातलं गाणं घेऊन माणसांनी त्यात बाबासाहेब बसवले. गण-गवळण बाजूला ठेवली, कारण ती कुणाच्या रंजनासाठी होती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे काय घ्यायचं आणि काय टाकायचं याचा नीट हिशोब होता. मिसळ म्हणजे सगळं घेऊन ढवळणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक रात्र तिथं जागावी. प्रल्हाद शिंदे यांचा गळा घ्या. त्याच गळ्यातून विठ्ठल निघाला, भीम निघाला, कव्वालीही निघाली. कॅसेट विकणाऱ्यानं तिन्हींसाठी तीन कप्पे केले होते, गळ्याला कप्पे नव्हते.

देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे चोखोबांचं जन्मगाव. चोखोबांचे अभंग आता वातानुकूलित सभागृहात तंबोऱ्यावर गातात, तिकीट असतं. ते स्वतः देवळाच्या पायरीबाहेर होते, हे निवेदक मधुर आवाजात सांगतो आणि टाळ्या पडतात. पायरीबाहेरचं गाणं आत यायला साडेसहाशे वर्षं पुरली. गाणाऱ्याची जात आत यायला किती, ते निवेदक सांगत नाही.

हां, आता आवाजाचं. सदराला पत्रं येतात, की तुम्ही संदलाची एवढी बाजू घेता, तुमच्या खिडकीखाली वाजू द्या मग कळेल. वाजतो, दर सीझनला वाजतो. २००० सालच्या नियमानं वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. आमच्याकडं ४५ डेसिबलमध्ये नवरदेवाची आत्या बोलतसुद्धा नाही. रात्री दहानंतर वाजवू नये हे मला मान्य आहे, म्हाताऱ्या माणसांची छाती धडधडते, तान्ही लेकरं दचकतात. पोलिसांनी आवाज बंद करावा. पण पोलीस येतात तेव्हा जप्त काय होतं? वाजवणाऱ्याचं सामान. सुपारी देणारा नवरदेवाचा बाप फेटा सावरत म्हणतो, "साहेब, आम्ही कव्हाचं सांगून राहिलो त्याले, बंद कर म्हून." आणि साहेबांना ते पटतं.

सरकार मात्र कलावंतांना विसरलेलं नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, महिन्याला ५,००० रुपये. चांगली योजना आहे, टोमणा मारत नाही. फक्त कल्पना करा, आमचा तो हलगीवाला अर्ज भरायला ऑनलाइन सेवा केंद्रात बसला आहे. केंद्रावरचं पोरगं विचारतं, "काका, कलाप्रकार कोन्ता टाकू?"

"आता काय सांगू बाप्पा. हलगी हाये, बँडमधी ढोल हाये, जयंतीले ढोलकी, संदलात ताशा."

"एकच टाका."

"मंग वाजंत्री टाक."

"अन् पुरावा? इतके वर्ष कला सादर केल्याचा. फोटो, कात्रण, पत्रिका, काही?"

पत्रिका! काकानं आयुष्यभरात जितकी लग्नं वाजवली तितक्या पत्रिका गावात छापल्या गेल्या. त्या पत्रिका काढून बघा. वर कुलदैवत. मग वर, वधू, त्यांचे आई-बाप, आजोबा. डाव्या बाजूला निमंत्रक पन्नास, उजव्या बाजूला व्यवस्थापक साठ, त्यात दोन माजी सरपंच आणि एक भावी. आचाऱ्याचं नाव नसेल, पण फोटोग्राफरचं हल्ली असतं, मोबाईल नंबरासह. सगळ्यात खाली, गुलाबी अक्षरात, अजून चड्डी घालता न येणारे चि. पिंट्या, कु. परी आणि चि. सोनू बोबड्या बोलांत सांगत असतात, "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!" ज्याच्या वाजवण्यावर ते लग्न लागलं हे सगळ्या वेशीला ऐकू गेलं, त्याचं नाव कुठंच नाही.

तेव्हा यंदाच्या लग्नसराईत पत्रिका छापायला टाकणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यातल्या तमाम वधूपित्यांना आणि वरपित्यांना या सदरातर्फे विनंती. एक ओळ वाढवा. 'वाजंत्री' असं लिहा आणि पुढं वाजवणाऱ्यांची पूर्ण नावं, गावासकट. छापखानेवाला म्हणेल, जागा नाही. तर पिंट्याला वगळा. त्याला अजून वाचता येत नाही, तो रुसणार नाही.